पिवळी वायर

आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली. नंबर चांगला आला. चष्मा लावून ती दिनदर्शिकेच्या मागची बारीक अक्षरं वाचते, तांदळातले खडे वेचते, समोरच्या गच्चीच्या कठड्यावर बसलीय ती साळुंकी की बुलबुल हे माझ्याआधी सांगते. टीव्ही मात्र तिला धूसर दिसायचा. "माणसांच्या तोंडावर साय धरल्यासारखी दिसते गं," म्हणायची. दोनदा डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली आणि "आजी, डोळे उत्तम आहेत तुमचे" म्हणून घरी पाठवलं. त्यानंतर तिने तक्रार करणं सोडून दिलं. संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की खुर्ची जराशी पुढे ओढायची, इतकंच. विचारलं तर म्हणायची, "वय झालं आता. सगळंच कसं लख्ख दिसेल?"

सहकारनगरच्या त्या घरात आई एकटी राहते. मी बाणेरला, आठवड्यातून दोनदा तिच्याकडे जाते. एप्रिलमधल्या एका रविवारी तिची जपमाळ टीव्हीच्या मागे पडली म्हणून मी टेबल पुढे ओढलं. मागे धुळीचा थर, पालीची दोन अंडी आणि डिशच्या कंपनीचा काळा बॉक्स. बॉक्सवर चंदेरी अक्षरांत 'एचडी' लिहिलेलं. त्यातून टीव्हीकडे तीन वायरी गेल्या होत्या. लाल, पांढरी, पिवळी. शेजारी एचडी चित्र नेणाऱ्या वायरीचं, एचडीएमआयचं, भोक होतं आणि त्यात कारखान्यातून बसवून आलेलं काळं बूच अजून तसंच होतं.

मी तिथेच फरशीवर बसले.

पिवळी वायर चित्र नेते, लाल आणि पांढरी आवाज. ही जोडणी जुन्या, जाडजूड टीव्हीच्या काळातली. तिच्यातून फार तर ५७६ ओळींचं चित्र जातं, त्यापुढे एक ओळही जास्त नाही. एचडी म्हणजे निदान ७२० ओळी आणि फुल एचडी म्हणजे १०८०. बॉक्स एचडीचा, टीव्ही एचडीचा, महिन्याचं पॅक एचडीचं, आणि मधल्या हातभर वायरीत ते सगळं गाळलं जात होतं. भरीला बॉक्सचं सेटिंग जुन्या चौकोनी पडद्याचं, ४:३ चं. टीव्ही ते चित्र ताणून आपल्या रुंद पडद्यावर पसरवायचा. म्हणून तर सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसायची आणि बातम्यांच्या पट्टीची दोन्ही टोकं कापलेली असायची. बसवायला आलेल्या माणसाने खोक्यातून निघालेली पहिली वायर लावली, चित्र आलं, सही घेतली, गेला. त्या दिवशी मी घरातच होते. चित्र आलेलं पाहिलं, वाकून मागे पाहिलं नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानातून २५० रुपयांची एचडीएमआय वायर आणली. लावली, सेटिंग रुंद पडद्याच्या १६:९ वर नेलं. बातम्या चालू होत्या. आई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि दारातच उभी राहिली. निवेदिकेच्या साडीकडे बघत म्हणाली, "नारायणपेठ आहे." मग बराच वेळ काही बोलली नाही. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे माझे डोळे बरे आहेत."

तीन वर्षं ही बाई मनातल्या मनात धरून चालली होती की ऑपरेशन करूनही आपली नजर गेलीच. मला ते अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमच्याकडून सिग्नल एचडीच येत होता, वायर कोणती लावली ही ग्राहकाची बाब आहे. वायर लावणारा माणूस त्यांचाच होता, हे मी दोनदा सांगितलं. फोन ठेवला तेव्हा आई पाकिटाच्या पाठीवर हिशेब करत होती. महिन्याला ३२० रुपयांपासून सुरू झालेलं पॅक वाढत वाढत ४६० वर आलं होतं. "वर्षाचे साडेपाच हजार झाले. एवढ्यात सहा सिलिंडर येतात." पेन्शनवर जगणाऱ्या बाईचा हिशेब सिलिंडरमध्येच होतो. मग तिने विचारलं, "आणि बघते काय मी? सातच्या बातम्या, क्रिकेट आणि दोन मालिका."

खरं तर २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांनी हव्या त्या वाहिन्या एकेकट्या निवडायची मुभा दिलेली आहे. तेव्हा शंभर साध्या वाहिन्यांना १३० रुपये आणि वर कर असा पाया धरला होता. त्या मोजणीत एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी धरली जायची. ज्याला एखादी पैशांची वाहिनी हवीच आहे त्याने तयार पॅक सोडून तेवढीच घ्यावी, बिल बरंच खाली येतं. पण हे करायला कंपनीच्या ॲपमध्ये शिरावं लागतं, आणि ते ॲप सत्तरीच्या माणसांसाठी केलेलं नाही. पॅकची जाहिरात पहिल्याच पानावर दिसते, सुट्या वाहिन्यांची यादी मला चौथ्या पानावर सापडली.

वाट दाखवली ती आईकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी. त्या पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत राहतात. आमचं बोलणं ऐकत कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं कोण महिन्याचं भरतंय? एकदा छत्री बसवली की झालं. माझ्याकडं सात वर्षं झाली. बॉक्स एकदा बदलला, बास."

मावशी सांगत होत्या ती दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ती सुरू झाली. एकदा छत्री आणि बॉक्स घ्यायचा, पुढे महिन्याचा एक पैसाही नाही. वीस वर्षांहून जास्त काळ ही सोय आपल्या डोक्यावर आहे, आणि आमच्यासारख्या घरांना ती 'गावाकडची' वाटते म्हणून आम्ही तिची चौकशीसुद्धा करत नाही. मी केली नव्हती. मावशींनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते आमच्या सोसायटीतल्या एकाही घराला माहीत नव्हतं.

तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतली ही गल्ली ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. वायरींची वेटोळी, दिव्यांच्या माळा, पाऊल ठेवायला जागा नाही. तिथे पहिल्या दुकानात मला ९०० रुपयांचा बॉक्स दाखवला. दुसऱ्या दुकानातल्या आजोबांनी मात्र आधी विचारलं, "टीव्ही कोणता आहे? एचडी? मग हा घेऊ नका." स्वस्त बॉक्स बहुधा एमपेग-२ चे, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या जुन्या पद्धतीचे असतात. त्यांच्यावर साध्या वाहिन्या दिसतात, पण फ्री डिशवरच्या एचडी वाहिन्या नव्या पद्धतीत, एमपेग-४ मध्ये येतात आणि जुन्या बॉक्सला त्या उघडताच येत नाहीत. हा एवढा फरक न समजल्यामुळे लोक 'फुकटचं चित्र असंच असतं' म्हणून बसून राहतात. एमपेग-४ चा एचडी बॉक्स, छत्री, तिच्या तोंडाशी बसून सिग्नल टिपणारा एलएनबी आणि वीस मीटर वायर, सगळे मिळून २,१५० रुपये झाले. बसवणावळ ४०० वेगळी. आजोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नव्या टीव्हींपैकी काहींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. खोक्यावर 'डीव्हीबी-एस२' लिहिलेलं असेल तर बॉक्सचीही गरज नाही, छत्रीची वायर थेट टीव्हीला. आईचा टीव्ही तसा नव्हता.

बसवायला आलेला मुलगा जुन्नरकडचा, विशी-बाविशीचा. गच्चीवर गेल्यावर त्याने कठड्याशी सिमेंटात रोवलेला जुना लोखंडी पाईप हलवून पाहिला. "हा पक्का आहे ताई. यालाच लावू."

तो पाईप बाबांनी रोवलेला. वर अजून त्यांचा अँटेना आहे, चार-पाच काड्या गळून गेलेल्या, पण तोंड तिकडेच. नैऋत्येला, सिंहगडाकडे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि ते चित्र आम्हा पुणेकरांपर्यंत पोचायचं सिंहगडावरच्या मनोऱ्यातून. त्या काळी पुण्यात कुणाच्याही गच्चीवर जाऊन गड कुठे आहे हे विचारावं लागत नसे, सगळे अँटेने तिकडेच बघत उभे असायचे. बाबा अँटेना फिरवायचे, मी जिन्यात, आई टीव्हीपुढे. आईचं "आलं!" माझ्याकडून वर जायचं आणि तेवढ्यात बाबांनी तो अजून थोडा फिरवलेला असायचा.

या मुलाने मोबाईलमधला कंपास उघडला आणि गडाकडे पाठ फिरवली. छत्री आग्नेयेला. फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ हा उपग्रह, नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून सोडलेला, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. सुमात्राच्या थोडं अलीकडे, समुद्रावर, जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर. पुण्यातून पाहिलं तर दिशा उत्तरेपासून सुमारे १३२ अंश आणि क्षितिजापासूनची उंची साधारण ५९ अंश. मला काळजी होती ती आग्नेयेला उभ्या राहिलेल्या अकरा मजली इमारतीची. पण ५९ अंश म्हणजे नजर खूपच वर लागते. वीस मीटरवरची इमारत आपल्या गच्चीपेक्षा तेहतीसेक मीटर उंच असेल तरच ती आड येते. ही इमारत त्याहून कितीतरी लांब होती. झाड जवळ असेल तर मात्र ते तोडायची वेळ येण्याआधी छत्रीची जागा बदलावी. पानांतून हा सिग्नल जात नाही.

पाना फिरवता फिरवता तो म्हणाला, "आमच्या गावाकडं या एकदा. तिकडं लई मोठाल्या छत्र्या आहेत." खोडदच्या दुर्बिणीबद्दल बोलत होता. नारायणगावजवळची जीएमआरटी, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी, ४५ मीटर व्यासाच्या तीस ताटल्या. खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांनी त्या उभ्या केल्या त्या कमी पैशात, आणि त्यामागची युक्ती मला फार आवडते. दुर्बिणीला ज्या लहरी टिपायच्या त्यांची लांबी २१ सेंटीमीटरपासून दोन मीटरपर्यंत. एवढ्या लांब लहरींना पत्र्याचा सलग पृष्ठभाग लागत नाही, बारीक तारांची जाळी पुरते. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून ताटलीचं वजन कमी, खांब हलका, खर्च आवाक्यात. आमच्या छत्रीला जाळी का चालत नाही हे त्या मुलाला ठाऊक होतं. "हिच्या लहरी बारीक असतात ना." बरोबर सांगितलं त्याने. टीव्हीच्या या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटरच्या, म्हणून छत्री सलग पत्र्याची आणि म्हणूनच तिला पोचा आलेला चालत नाही. त्याने दहावीनंतर शाळा सोडली होती. आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्या ताटल्या रोज बघत मोठा झालेला मुलगा आमच्या गच्चीवर छत्री लावत होता, आणि मला बाबा तिथे असायला हवे होते असं फार वाटलं. त्यांनी त्याला चहाला थांबवून घेतलं असतं आणि तासभर सोडलं नसतं.

बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एक सिग्नलच्या जोराची आणि एक दर्जाची. जोराची पट्टी छत्री कुठेही केली तरी वर असते, तिच्यावर विसंबू नये. दर्जाची पट्टी शून्यावर असते असते आणि छत्री केसभर सरकली की एकदम सत्तरवर उडी मारते. मुलगा फोन कानाला लावून गच्चीवर, आई खाली टीव्हीपुढे. जिन्यात कुणी उभं राहायची गरज नव्हती, तरी मी जाऊन उभी राहिले.

"आलं!" आई म्हणाली.

जुना अँटेना काढू का, असं त्याने विचारलं. आईला फोनवर विचारलं तर म्हणाली, राहू दे. आता एकाच पाईपवर दोघं आहेत, वरचा गडाकडे बघणारा, खालची आग्नेयेला बघणारी.

आता जे आहे ते सरळ सांगते. फ्री डिशवर सगळं एचडी नसतं. डीडी नॅशनल एचडी, डीडी न्यूज एचडी अशा थोड्या वाहिन्या एचडीत, बाकीच्या साध्या. सह्याद्री आहे. खासगी वाहिन्या लिलावातून जागा घेतात, त्यामुळे आज असलेली वाहिनी एप्रिलनंतर असेलच असं नाही. क्रिकेटचं सांगायचं तर २००७ मध्ये एक कायदा झाला, त्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारताचे बरेच सामने आईला त्यामुळे घरबसल्या दिसतात. हा कायदा करणाऱ्यांचे आईच्या वतीने आभार. आईच्या दोन्ही मालिका मात्र पैशांच्या वाहिन्यांवरच्या, त्या गेल्या. एक तिने सोडून दिली. दुसरी बघायला ती रात्री आठला खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाते. मला आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं की ती हल्ली रोज कुणाकडे तरी जाते.

उरलेलं काम इंटरनेटवर होतं. टीव्ही 'स्मार्ट' नसला तरी एचडीएमआयच्या दुसऱ्या भोकात बसणारी, इंटरनेटवरचं चित्र टीव्हीवर आणणारी काडी मिळते. घरात पाच एमबीपीएसचा वेग असला की फुल एचडी चित्र न अडखळता चालतं, त्यासाठी शंभरचं कनेक्शन घ्यायला नको. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' हे ॲप काढलं. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर थेट आणि फुकट दिसतात. यूट्यूबवर प्रसार भारतीच्या संग्रहातल्या जुन्या मैफली आहेत. आईने कुमार गंधर्वांचं नाव घेतलं, माझ्या मुलाने शोधून लावलं, आणि त्या दिवशी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या याचा हिशेब कुणालाच राहिला नाही. ते चित्र एचडी नाही, कधीकाळच्या टेपवरचं आहे. पण ते काढतानाच तसं निघालं होतं, आमच्या घरी येऊन बिघडलं नव्हतं.

एक मात्र आम्ही घेतलं नाही. तपकीर गल्लीतच एकाने हळूच विचारलं होतं, "मॅडम, सगळ्या पेड वाहिन्या चालतील असा बॉक्स आहे, देऊ का?" फुकट मिळणं आणि चोरून बघणं या माझ्या लेखी दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. फ्री डिश ही सगळ्यांसाठी खुली ठेवलेली सोय आहे. तो दुसरा बॉक्स कुणाच्या तरी कष्टाच्या पैशांवर चालतो.

आणि नवा टीव्ही? नातेवाईकांनी सांगितलंच, की आता आईला चांगला ५५ इंची फोर-के घेऊन टाक. मी फूटपट्टी घेऊन बसले. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील वेगळा ओळखू शकतो, असं साधारण धरतात. आईचा टीव्ही ३२ इंची, पडद्याची रुंदी ७१ सेंटीमीटर. जुन्या साध्या चित्रात आडवे ७२० ठिपके, त्यांचा खरखरीतपणा अकरा फुटांपर्यंत जाणवतो. एचडी रेडी पडद्यावर १३६६ ठिपके, ते सहा फुटांपलीकडे एकमेकांत मिसळून जातात. आईची खुर्ची आहे आठ फुटांवर. म्हणजे पिवळ्या वायरीतून येणारं चित्र तिला त्या खुर्चीतून धूसर दिसणारच होतं, आणि एचडी चित्र त्याच खुर्चीतून लख्ख दिसणार होतं. तिच्या डोळ्यांनी तीन वर्षं अगदी अचूक उत्तर दिलं होतं. आम्ही ते ऐकलं नाही. टीव्ही बदलला नाही, खुर्ची पुन्हा मागे सरकवली.

जुलैत पावसाने जोर धरला तेव्हा पहिल्यांदा चित्र गेलं. चौकोन चौकोन झाले, मग निळा पडदा. अडीच सेंटीमीटरच्या लहरी मोठ्या थेंबांच्या धारेत शोषल्या जातात, त्याला इलाज नाही. पैशांच्या डिशचंही तेच होतं. आईला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिने घाबरून फोन केला नाही. सर ओसरल्यावर केला. "दहा मिनिटांत आलं परत. तेवढ्यात मी शेंगा सोलल्या."

१५ ऑगस्टला सकाळी मी तिच्याकडेच होते. पुण्यात बारीक भुरभुर चालू होती. डीडी नॅशनल एचडीवर लाल किल्ला. मानवंदनेच्या तुकडीवरून कॅमेरा हळूहळू गेला आणि आई एकेकाचे फेटे बघत होती, तुऱ्याच्या निऱ्या, पट्ट्याचं पितळ. एका जवानाच्या कपाळावरून घामाचा थेंब भुवईपर्यंत आला आणि तो हलला नाही. आईने आपल्याच कपाळावर पदर टेकवला. राष्ट्रगीत लागल्यावर ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, उभी राहिली. ते झाल्यावर म्हणाली, "इतकं जवळून कधी पाहिलं नव्हतं."

काल रात्री साडेआठला तिचा फोन आला. या वेळेला ती काकूंकडून नुकती वर येते. आवाज दबका होता, जणू काही काकू ऐकतील.

"अगं, त्यांच्या टीव्हीत सगळे बुटके दिसतात."

"बरं?"

"मी बॅटरी घेऊन मागे बघितलं. पिवळीच आहे." थोडा वेळ थांबली. "त्या म्हणतात, पुढच्या महिन्यात डोळे तपासून घेते. तू उद्या येतेस ना? येताना ती जाड वायर घेऊन ये एक. पैसे मी देते."